गळाची दोरी केव्हा बदलायची?

भोकर तालुक्यातून सुधा नदी वाहते. रेणापूरजवळ या नदीवर धरण आहे. नांदेड जिल्ह्यात अशी पाण्याची ठिकाणे आणखीही आहेत. नांदेड शहराजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा मोठा जलाशय आहे. कंधार तालुक्यात बारूळला मन्याड नदीचे पाणी अडवले आहे. शिवाय गावोगावी पाझर तलाव आहेत, नाले आहेत, डोह आहेत. जिथे पाणी तिथे मासा, आणि जिथे मासा तिथे भोई.

भोई बांधव जाळ्याने मासे धरतात. पण गळ टाकणारे लोकही पुष्कळ असतात. कोणी रोजच्या कालवणापुरता मासा धरतो. कोणी चार किलो मिळाले तर बाजारात नेऊन विकतो. कोणाजवळ नुसती बांबूची काठी असते. कोणी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला दोरी गुंडाळून हातानेच गळ फेकतो. आता काही जणांजवळ चकरी, म्हणजे रीळ, लावलेली काठीही दिसते. साधन कोणतेही असो, गळ बांधायची दोरी बहुतेकांची एकच असते. ती म्हणजे नायलॉनची. कोणी तिला तंगूस म्हणतात.

या लोकांना एक साधा प्रश्न विचारून पाहा. "दादा, ही दोरी कधी घेतली होती?"

एक जण म्हणेल, "लई दिवस झाले बघा."

दुसरा म्हणेल, "मागल्या पोळ्याच्या अलीकडं असंल, न्हाईतर पलीकडं."

तिसरा हसून म्हणेल, "तुटंल तवा नवी घेऊ की!"

या तिसऱ्या उत्तराबद्दलच आम्हाला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

तुटेपर्यंत थांबू नये

आपल्या भागात पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. म्हाताऱ्या माणसांना ती अजून आठवते. मोटेला जाड दोर असे, त्याला नाडा म्हणत. मोटेच्या सोंडेला बारीक दोर असे, ती सोंदूर. जाणता शेतकरी नाडा तुटायची वाट पाहत नसे. तो रोज नाड्यावरून हात फिरवी. कुठे पीळ उसवला आहे, कुठे दोर पातळ झाला आहे, हे बोटाला कळे. तसे दिसले की तो नवा नाडा वळायला घेई. कारण भरली मोट वर येत असताना नाडा तुटला, तर मोट विहिरीत जाई, धावेवरचे बैल तोंडावर पडत, आणि नाड्यावर बसलेला माणूसही पडे.

गळाच्या दोरीचे तसेच आहे. दोरी घरात खुंटीला लटकत असताना तुटत नाही. रिकामा गळ पाण्यात असताना तुटत नाही. ती तुटते केव्हा? मोठा मासा लागतो तेव्हा. म्हणजे ज्या घडीसाठी ती दोरी घेतली, नेमकी त्याच घडीला ती दगा देते.

हिशेब करून पाहा. समजा, नवी दोरी दीडशे रुपयांना आली. समजा, चार किलोचा रोहू गळाला लागला आणि भाव दोनशे रुपये किलो आहे. म्हणजे मासा आठशे रुपयांचा झाला. जुन्या दोरीपायी तो सुटला. दीडशे वाचवायला गेलो आणि आठशे घालवून बसलो. गळ गेला, वजनाचे शिसे गेले, तो दिवसही गेला. त्या माशाच्या तोंडात गळ अडकून राहिला. मागे लोंबणारी दोरी झाडाझुडपांत गुंतली, तर तो मासा पाण्यातच मरतो. मग तो ना आपल्या कामाचा, ना तळ्याच्या.

जुनी दोरी आणि नवी दोरी

नायलॉन येण्यापूर्वी गळाला सुताची दोरी असे. कुठे तागाची असे. काही देशांत रेशमाची दोरी वापरत, घोड्याच्या शेपटीच्या केसांचीही वापरत. सुताची दोरी पाण्यात राहिली की सडते. डोळ्यांना न दिसणारे जंतू तिला खातात. म्हणून कोळी-भोई लोक जाळी आणि दोऱ्या रोज वाळवत. झाडाची साल उकळून तिच्या काढ्यात जाळे बुडवत. सालीच्या काढ्याने सूत लवकर सडत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

पुढे नायलॉन आले. अमेरिकेत ड्यूपाँ नावाच्या कंपनीत वॉलेस कॅरोदर्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले. १९३८ साली दात घासायच्या ब्रशात नायलॉनचे केस आले. मग बायकांचे पायमोजे आले. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारायच्या छत्र्यांना नायलॉन लागले. त्याच सुमारास त्याची मासेमारीची दोरीही निघाली. आपल्या देशात १९५७ साली कोचीला केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था निघाली. मासे धरायची जाळी, दोऱ्या, होड्या यांचा अभ्यास तिथे होतो. त्या काळापासून आपल्याकडे सुताची जाळी हळूहळू मागे पडली आणि नायलॉनची आली.

नायलॉन सडत नाही. हा त्याचा मोठा गुण. पण या गुणामुळेच आपली समजूत चुकते. आपल्याला वाटते, सडत नाही म्हणजे ही दोरी जन्माची झाली. सुताची दोरी खराब झाली की काळी पडे, तिला वास येई, ती हातात कुसकरली जाई. नायलॉनची दोरी वर्षभरानेही चांगली दिसते. दिसायला चांगली, पण आतून पोखरलेली!

म्हणून हे एक वाक्य ध्यानात ठेवा: सडत नाही म्हणजे झिजत नाही, असे नव्हे.

दोरी कशाने कमजोर होते?

पहिली गोष्ट, ऊन. कुडावर टाकलेले लुगडे महिनाभर उन्हात राहिले तर काय होते? रंग उडतो आणि हात लावताच ते फाटते. उन्हात जे अतिनील किरण असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण तेच हे काम करतात. नायलॉन हे लांब लांब साखळ्यांचे बनलेले असते. या साखळ्या इतक्या बारीक असतात की साध्या भिंगातूनही दिसत नाहीत. अतिनील किरण त्या साखळ्या जागोजागी तोडतात. दोरी अखंड दिसते, पण आतल्या साखळ्या तुटलेल्या असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. अशा उन्हात दोरी छपरावर राहिली, मोटारसायकलला लटकत राहिली, तर तिचे आयुष्य लवकर सरते.

दुसरी गोष्ट, पाणी. नायलॉन थोडे पाणी पिते. भिजले की मऊ होते आणि कोरड्या दोरीपेक्षा थोडे कमी वजन पेलते. वाळली की पुन्हा ताठ होते. रोज भिजणे आणि रोज वाळणे, यात तिची झीज होते.

तिसरी गोष्ट, घासणे. तळ्याच्या तळाशी दगड असतात, बुडालेल्या बाभळी असतात. मरळ मासा तर झाडाझुडपांतच राहतो. दोरी दगडाला घासली की तिच्यावर बारीक चरे पडतात. मासा जोराने ओढतो तेव्हा सारा ताण त्या चऱ्यावर येतो. ऊस कोयत्याने अर्धा कापून ठेवला, तर तो तिथेच मोडतो ना? तसेच हे. गळापासूनचे पहिले चार-पाच हात सर्वांत जास्त घासतात. चकरीच्या काठीला कड्या असतात, त्यांतून दोरी सरकते. एखाद्या कडीला खाच पडली, तर ती खाच नव्या दोरीलाही कापते. दोरी पुन्हा पुन्हा खराब होत असेल, तर आधी कड्या तपासा.

चौथी गोष्ट, गाठ. गाठीच्या जागी दोरी नेहमीच कमजोर असते. साधी एकेरी गाठ पडली, तर त्या जागी ताकद जवळजवळ निम्मी होते. पाण्यात आपोआप पडलेली गाठ तशीच ठेवून पुढे गळ टाकत राहणे, ही फार वाईट सवय आहे. तेवढा भाग कापून टाकावा. आणखी एक गोष्ट. गाठ आवळण्याआधी ती पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळली की घासून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने नायलॉन तिथेच बिघडते.

पाचवी गोष्ट, ताण. दोरी दगडात अडकली आणि आपण जोर लावून ओढली, तर ती रबरासारखी ताणली जाते. सुटल्यावर ती पूर्ववत झालीसे वाटते. पण जास्त ताणलेली दोरी पहिल्यासारखी राहत नाही. ती जागी जागी बारीक होते.

सहावी गोष्ट, घरातली हेळसांड. बॅटरीतले तेजाब नायलॉनला खाते. उंदीर दोरी कुरतडतो. पत्र्याच्या छपराखाली ती तापते. म्हणून दोरी कापडी पिशवीत घालावी आणि अंधाऱ्या, गार कोनाड्यात ठेवावी.

दोरीची परीक्षा

दोरी चांगली की वाईट, हे ओळखायला यंत्र लागत नाही. पाच परीक्षा सांगतो.

१. डोळ्याची परीक्षा. दोरी उजेडात धरा. नवी दोरी चकचकीत असते. जुनी दोरी मळकट किंवा पांढुरकी दिसते. पांढरा पडलेला भाग म्हणजे ताणलेला किंवा घासलेला भाग.

२. बोटाची परीक्षा. दोरी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून हळूहळू ओढा. नखाला काही लागते का पाहा. खरखर लागली की तिथे चरा आहे. हे काम सावकाश करा, नाहीतर बोट कापेल.

३. कापसाची परीक्षा. आपल्या भागात कापसाला तोटा नाही. बोंडातला थोडा कापूस घ्या. तो दोरीभोवती धरून दोरीवरून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील, तिथे चरा आहे. डोळ्याला आणि बोटाला न कळलेले इथे कळते.

४. सोडून पाहायची परीक्षा. चकरीवरून किंवा बाटलीवरून पाच हात दोरी सोडा. चांगली दोरी थोडी ओढली की सरळ होते. जुनी दोरी ओढून सोडली तरी वेटोळीच राहते, स्प्रिंगेसारखी. अशी दोरी नीट फेकली जात नाही, तिच्यात गुंता होतो.

५. बादलीची परीक्षा. ही सर्वांत खरी परीक्षा.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. हे माहीत असले की वजनांची गरज नाही. तीन हात दोरी कापून घ्या आणि थोडा वेळ पाण्यात भिजवा. एक टोक जाड, गुळगुळीत काठीला सात-आठ वेढे देऊन पक्के करा. दुसऱ्या टोकाला, गळाला बांधता त्याच गाठीने, रिकामी बादली बांधा. काठी दोन खांबांवर आडवी ठेवा. बादली जमिनीपासून चार बोटे वर असावी. जास्त उंच नको, नाहीतर पायावर पडेल. आता मापाने एक एक लिटर पाणी घालत जा. दोरी केव्हा तुटते ते पाहा.

समजा, बादलीचे वजन एक किलो आहे. चार लिटर पाणी घातल्यावर दोरी तुटली. एक आणि चार मिळून पाच. म्हणजे दोरीने पाच किलो पेलले.

पण पाच किलो हे बरे की वाईट? ते कळायला नवी दोरी आणली त्याच दिवशी हीच परीक्षा घेऊन ठेवायला हवी. समजा, नवी असताना तिने आठ किलो पेलले होते. आठाचे पाऊणपट सहा. आता ती सहापेक्षा कमी पेलते आहे. म्हणजे दोरी बदलायची वेळ झाली.

कोणी म्हणेल, "चार किलोच्या माशाला पाच किलोची दोरी पुरे की!" पण मासा बादलीसारखा निवांत लटकून राहत नाही. तो झटका देतो, पळतो, दगडाआड शिरतो. झटक्याने येणारा ताण माशाच्या वजनापेक्षा जास्त असतो. चकरी असेल तर तिचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या भागावर बसवतात, तो याच कारणाने. दोरी कमजोर झाली आणि ब्रेक जुन्या हिशेबाने घट्ट राहिला, तर दोरी तुटणारच.

किती दिवसांनी बदलावी?

परीक्षेत दोरी नापास झाली, तर त्याच दिवशी बदलावी. पण रोज रोज परीक्षा कोण घेणार? म्हणून एक साधारण ठोकताळा धरावा.

रोज गळ टाकणाऱ्याने दर दोन-तीन महिन्यांनी नायलॉनची दोरी बदलावी.

आठवड्यातून एकदा जाणाऱ्याने वर्षातून दोनदा बदलावी. एकदा दिवाळीच्या सुमारास, एकदा होळीच्या सुमारास.

सठीसामासी जाणाऱ्याने वर्षातून एकदा बदलावी. दोरी फार वापरली नाही म्हणून ती नवी राहत नाही. वेटोळ्यात पडून पडूनही तिचा जीव जातो.

बाजारात विणलेली दोरीही मिळते. ती बारीक धाग्यांची वेणी घातल्यासारखी असते. ती पाणी पीत नाही आणि उन्हाला जास्त दाद देत नाही. नीट वापरली तर दोन-तीन वर्षे टिकते. तिचा रंग उडाला एवढ्यावरून ती वाईट झाली असे समजू नये. तिचे धागे उसवून ती केसाळ झाली की समजावे. मात्र दगडाच्या धारेला ती चटकन कापली जाते.

पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंड्यांवर येतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्या दिवसांत गळ-जाळे विसावू द्यावे. एक मादी सुटली तर तिची पिल्ले पुढे आपल्याच कामी येतील. ते दिवस दोऱ्या तपासायला, गाठी कापायला आणि वही नीट करायला बरे.

वहीत लिहून ठेवा

आता मुख्य गोष्ट. "मागल्या पोळ्याच्या अलीकडं की पलीकडं?" हे आठवत बसायचे नाही. आठवण फसवते. कागद फसवत नाही.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. मग ही विद्या रोजच्या कामाला लावा. शाळेच्या पोरांची जुनी वही असेल, तिची कोरी पाने चालतील. एका दोरीला एक पान. पानावर असे लिहावे:

दोरी – नायलॉन
जाडी – ०.४० मि.मी.
केव्हा भरली – ५ नोव्हेंबर
किंमत – १५० रुपये
नवी असताना किती पेलले – ८ किलो
किती वेळा नेली – ।।।। ।।।। ।।
कापलेला भाग – २ हात, ३ हात
पुन्हा परीक्षा – १० जानेवारी, ७ किलो
केव्हा बदलली –

तळ्यावरून आले की एक उभी रेघ मारावी. दूधवाला भिंतीवर रेघा मारतो, तसेच. ज्याला पूर्ण लिहिणे अजून जड जाते, त्यानेही रेघ आणि आकडा लिहावा. रेघा मोजल्या की दोरी किती वेळा पाण्यात गेली ते कळते. महिने मोजण्यापेक्षा या रेघा जास्त खरे सांगतात. एकाची दोरी महिन्यात वीस वेळा भिजते, दुसऱ्याची दोनदा. दोघांना एकच तारीख कशी लागू पडेल?

वहीच पाहिजे असे नाही. चकरीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहिली तरी चालते. बाटलीवर दोरी असेल, तर बाटलीच्या बुडाला तारीख लिहावी. किराणा दुकानदार दिनदर्शिका देतो, तिच्यावर खूण करावी. पण शाई पाण्याने जाते, म्हणून वही घरी असलेली बरी.

ही वही घरातल्या बाईने ठेवली तर फारच उत्तम. मासे विकून आलेला पैसा बहुधा तिच्याच हातून खर्च होतो. दोरीला किती गेले, गळांना किती गेले, माशांचे किती आले, हे एका जागी लिहिले की धंदा नफ्यात आहे की तोट्यात, ते दिसते. ज्यांच्याजवळ तीन-चार काठ्या आहेत, त्यांनी काठ्यांना १, २, ३ असे आकडे घालावेत. मग कोणत्या काठीची दोरी जुनी, यावर घरात वाद होत नाही.

दुकानात गेल्यावर

दोरीच्या पुडक्यावर काही आकडे छापलेले असतात. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

"मि.मी." च्या पुढचा आकडा म्हणजे दोरीची जाडी. "कि.ग्रॅ." च्या पुढचा आकडा म्हणजे ती किती वजन पेलते ते. काही पुडक्यांवर किलोऐवजी पौंड लिहितात. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोडे कमी. दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो. दहाचा आकडा पाहून दहा किलो समजू नका, फसाल. "मीटर" च्या पुढचा आकडा म्हणजे लांबी.

दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले पुडके घेऊ नये. ते विकले जाण्याआधीच जुने झालेले असते. आतल्या कपाटातले मागावे. विकत घेताना हातभर दोरी सोडून तिला साधी गाठ मारावी आणि ओढून पाहावी. फुटकन तुटली तर पुडके परत करावे. यात दुकानदाराने रागवायचे कारण नाही. आपण घामाचा पैसा देतो.

थोडक्या पैशांत काम

दर वेळी सारी दोरी टाकून द्यावी लागते का? नाही. तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती: टोक कापणे. तळ्यावर जाण्याआधी गळाजवळची दोन-तीन हात दोरी कापून गळ पुन्हा बांधावा. सर्वांत झिजलेला भाग तोच असतो. एवढ्याने निम्मे काम होते.

दुसरी युक्ती: दोरी उलटवणे. चकरीवर शंभर मीटर दोरी असली, तरी रोज पाण्यात वरची तीस-चाळीस मीटरच जाते. आतल्या दोरीला ऊन लागत नाही, दगडही लागत नाही. म्हणून सारी दोरी सोडून तिचे आतले टोक वर आणावे आणि वरचे आत घालावे. एकाच दोरीचे दोनदा काम होते. हे केले की वहीत लिहावे: "उलटवली". नाहीतर दोनदा उलटवून जुनेच टोक वर यायचे!

तिसरी युक्ती: खाली भर घालणे. चकरी अर्धी जुन्या, पण मजबूत दोरीने भरावी. वर पन्नास मीटर नवी दोरी जोडावी. पुढच्या वेळी फक्त वरची पन्नास मीटर बदलली की झाले.

चकरी भरताना दोरी ओल्या फडक्यातून ओढून घ्यावी, म्हणजे ती घट्ट बसते. चकरीच्या काठापर्यंत गच्च भरू नये, थोडी जागा मोकळी ठेवावी. गच्च भरली की वेटोळी आपोआप सुटून गुंता होतो.

नायलॉनच्या जाळ्यालाही हेच नियम लागू आहेत. जाळे सावलीत वाळवावे. दर काही दिवसांनी जाळ्याचा एकेक फास बोटांत धरून ओढून पाहावा. गाठीपाशी धागे पटापट तुटू लागले, तर नुसती डागडुजी करून उपयोग नाही. फाटक्या जाळ्याला ठिगळ लागते, पण कुजक्या धाग्याला ठिगळ धरत नाही.

जुनी दोरी टाकायची कुठे?

दोरी बदलली. मग जुनीचे काय करायचे? पुष्कळ जण ती तळ्याच्या काठावरच टाकतात. हे करू नका.

नायलॉन सडत नाही, हे वर सांगितले. म्हणजे काठावर टाकलेली दोरी वर्षानुवर्षे तिथेच राहते. पाण्यावर बगळे येतात, टिटव्या येतात. त्यांच्या पायाला दोरी गुंडाळते. पक्षी सोडवायला धडपडतो, तसतशी ती आवळते. पाय सुजतो, झडतो. उडता येईना झाले की तो उपाशी मरतो. पाण्यावर येणाऱ्या गायी-म्हशींच्या खुरातही ती अडकते. गुरे चाऱ्याबरोबर ती गिळतात. पतंगाच्या नायलॉन मांज्याने माणसांचे गळे कापले गेले, पक्षी मेले. म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या मांज्यावर देशभर बंदी घातली. गळाची दोरी धंद्याची आहे, तिला बंदी नाही. पण टाकून दिलेली दोरी मांज्यासारखीच घातक आहे.

जुनी दोरी जाळूही नका. नायलॉन जळताना विषारी धूर निघतो. चुलीत तर मुळीच घालू नका.

मग काय करावे? कात्रीने जुन्या दोरीचे बोटाएवढे तुकडे करावेत. ते प्लास्टिकच्या बाटलीत भरावेत, बूच घट्ट लावावे आणि बाटली कचऱ्याच्या गाडीत द्यावी. तुकडे छोटे असले की कोणाच्या पायात गुंतत नाहीत. चांगले लांब भाग निघाले, तर ते वेल बांधायला, कुंपणाची काटकी आवळायला कामी येतात.

तळ्यावर दुसऱ्याने टाकलेली दोरी दिसली तरी उचला. आपली म्हैस त्याच काठावर पाणी पिते.

सांगा पाहू

१. नायलॉनची दोरी सडत नाही, तरी ती कमजोर का होते? तीन कारणे सांगा.

२. बादलीचे वजन एक किलो आहे. सहा लिटर पाणी घातल्यावर दोरी तुटली. दोरीने किती किलो पेलले?

३. नवी असताना दोरीने बारा किलो पेलले. आता ती आठ किलोला तुटते. ती ठेवायची की बदलायची?

४. पुडक्यावर वीस पौंड लिहिले आहे. ते साधारण किती किलो झाले?

५. तुमच्या घरी गळाची दोरी, विहिरीचे चऱ्हाट किंवा बैलाचा कासरा असेल. त्यांपैकी एकाची तारीख आज वहीत लिहा. तारीख आठवत नसेल, तर दोर तपासा, आणि आजची तारीख लिहून तिथून मोजायला लागा.